जेऊर : एक मधले स्टेशन

दौंड मागे पडते, भिगवण जाते, भीमेवरचा पूल ओलांडला की करमाळा तालुका लागतो, आणि थोड्याच वेळात जेऊर येते. 1860 साली लोहमार्ग सोलापूरला पोचला, तेव्हापासून किती प्रवासी या वाटेने गेले असतील! त्यांतल्या बहुतेकांना जेऊर म्हणजे खिडकीतून सरकून जाणारी एक पाटी. 2016 साली ‘सैराट’ गाजला आणि त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे, हे कळले, तेव्हा कुठे शहरातल्या मंडळींनी या नावाकडे मान वळवली.

मी तिथे उतरले ती ओव्यांसाठी. माझ्या एका विद्यार्थिनीची आजी जेऊरला असते. “बाई, आजीला जात्यावरची पुष्कळ गाणी येतात,” असे तिने तीन वर्षे माझ्यामागे टुमणे लावले होते.

चाळिशी उलटली की बाईच्या मनात एक प्रश्न येरझारा घालू लागतो : एवढी धावपळ केली ती कशासाठी? आमच्या घरी गुंत्याला तोटा नाही. यजमान नोकरीनिमित्त परगावी. त्यांचा फोन येतो तो हिशेबापुरता. माहेरच्या वाड्यावरून दोघा भावांचे वैर, आणि साक्षीला दोघांनाही मीच हवी. मुलगी सज्ञान झाली, म्हणजे माझे ऐकेनाशी झाली. मैत्रिणी म्हणतात, “सगळे सोडून दे आणि स्वतःसाठी जग.” वडीलधारी म्हणतात, “आधी घर सांभाळ.” या दोन सल्ल्यांच्या मध्ये माझी ओव्यांची वही पंधरा वर्षे कपाटात पडून होती.

आजींनी मला आधी एसटीने करमाळ्याला नेले. आईचे दर्शन घेतल्याशिवाय गाणे म्हणायचे नाही, असा त्यांचा दंडक. कमलाभवानीचे देऊळ अठराव्या शतकातले, रावरंभा निंबाळकरांनी बांधलेले. 96 हा तिथला मानाचा आकडा : देवळाला खांब 96, विहिरीला पायऱ्याही 96. आजी त्या विहिरीच्या काठाशी बसल्या, गुडघे चोळले आणि आपण होऊनच बोलू लागल्या.

त्यांचे माहेर उजनीच्या पाण्याखाली गेलेले. 1980 साली धरण पुरे झाले. भीमाकाठची गावे उठली आणि त्याच पाण्यावर या कोरड्या मुलखात ऊस नि केळी उभी राहिली. आजींच्या सासरच्या रानातही ऊस आला. उसाबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर दोन मुलांत बांध आला. आज एका घरात दोन चुली आहेत, आणि आजी एक महिना इकडे, एक महिना तिकडे जेवतात.

“मग एवढ्या कटकटीत ओव्या कशा सुचल्या, आजी?” मी विचारले.

त्या हसल्या. “कटकटीतनंच की वो! जातं काय घर निवांत झाल्यावर फिरतंय व्हय? पहाटं दळावंच लागायचं. भांडनं मिटंपातूर गप बसले असते, तर एक बी ओवी तोंडातनं निघाली नसती.”

वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना मी लक्ष्मीबाई टिळकांविषयी पुष्कळ बोलते. 1895 साली टिळकांनी धर्मांतर केले आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. काही वर्षे ताटातूट सोसून त्या पुन्हा नवऱ्याकडे आल्या आणि 1900 साली आपल्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. 1919 साली टिळक गेले, तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या. त्यांनी नवऱ्याचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे करायला घेतले आणि स्वतःची ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. पहिला भाग 1934 साली निघाला. तापट आणि विलक्षण नवऱ्याबरोबरचा तो सारा गोंधळ त्या पुस्तकात आहे, आणि त्या गोंधळाकडे पाहून हसण्याची ताकदही आहे. संसार नीट बसल्यावर लिहीन, असे त्या म्हणाल्या असत्या, तर मराठीला ते पुस्तक मिळाले नसते. आजींचे म्हणणे याहून वेगळे कुठे आहे?

हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या. त्यांत सासू आहे, सवत आहे, भाऊ विसरलेली बहीण आहे. अर्थ शोधायला या बायका घर सोडून गेल्या नाहीत, आणि घराला शरणही गेल्या नाहीत. दळता दळता त्यांनी आपले म्हणणे मांडून घेतले.

त्या दुपारी जेऊरला, आजींच्या पडवीत, माझ्या वहीत सत्तावीस ओव्या उतरल्या. मध्येच धाकट्या भावाचा फोन आला. “मी कामात आहे, रात्री बोलू,” असे मी त्याला सांगितले. भावांचा दावा अजून चालूच आहे, यजमानांचा फोनही हिशेबापुरताच येतो. पण आजींनी अजून निम्म्या ओव्याही सांगितलेल्या नाहीत, आणि भाऊबीज आटोपली की मला पुन्हा बोलावले आहे.