हुर्राकाची दुपार, पेजेची सकाळ

गोव्याला जाऊन आलो असे सांगितले, की लोक प्रथम समुद्राची चौकशी करतात. आम्ही गेलो ते समुद्राकडे पाठ फिरवून. थिवी स्टेशनात गाडीतून उतरलो आणि डिचोली, साखळी करीत वाळपईची वाट धरली. मेहुण्यांच्या कचेरीतल्या एका मित्राचे घर सत्तरी तालुक्यात आहे, म्हादई नदीपासून फार लांब नाही. महिना एप्रिलचा. वाटेत दोन्ही अंगांना काजूच्या बागा आणि वाऱ्यावर पिकल्या बोंडूंचा तो आंबूस-गोड दरवळ. एप्रिलात सत्तरीला जाऊन ज्याला हा वास आला नाही, त्याला सर्दी झालेली असली पाहिजे!

काजू हे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात इकडे आणले. गोवेकरांनी बी तर खाल्लीच, पण बोंडूही वाया जाऊ दिला नाही. यजमानांच्या घरामागे डोंगरावर भट्टी होती. बोंडू तुडवून काढलेला रस काही दिवस आंबवतात, मग तो भांड्यात घालून खाली लाकडे पेटवतात. वाफ नळीतून येऊन निवते, ती पहिली धार म्हणजे हुर्राक. पुन्हा एकदा भट्टीवर चढवला, की त्याची फेणी होते. फेणीत मद्यार्क चाळीस टक्क्यांच्या वर, हुर्राकात साधारण पंधरा. २००९ साली फेणीला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. हुर्राक मात्र फार दिवस टिकत नाही. तो हंगामातच प्यायचा.

यजमानांनी त्यात लिंबाचे सरबत, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पेला पुढे केला.

“भावोजी, हा म्हणजे फळाचा रसच!” मेहुणे म्हणाले.

मला ते पटले. खरे सांगायचे तर पटवून घेण्याची माझी तयारीच होती. एकाचे तीन झाले, तिनाचे किती झाले ते मेहुण्यांना विचारावे लागेल, आणि त्यांनाही ते आठवत नाही. डोक्यावर ऊन तळपत होते. पाण्याचा तांब्या शेजारीच होता. त्याला कोणी हात लावला नाही. संध्याकाळी मी यजमानांच्या जास्वंदीशी जे केले, ते कुटुंबवत्सल वाचकांना सांगण्याजोगे नाही.

सकाळी डोळे उघडले तेव्हा डोक्यात कोणी खलबत्ता कुटत होते. जीभ टाळूला चिकटली होती.

“अहो, फळाचा रस उतरला का?” हिने विचारले, आणि पाण्याचे भांडे जरा जोरातच खाली ठेवले.

तेवढ्यात यजमानांच्या आजी आल्या. हातात उकड्या तांदळाच्या पेजेची वाटी, मीठ घातलेली. आणि बाजूला मिठात मुरलेल्या कैरीची फोड. तिकडे तिला तोर म्हणतात.

“हळूहळू घे रे पुता. घटाघटा नको.”

घोटाघोटाने दोन वाट्या गेल्या. तासाभरात मी ओसरीवर येऊन बसलो, माणसासारखा.

मुंबईला परतल्यावर शेजारच्या डॉक्टरांना हा पराक्रम सांगितला. ते म्हणाले, मेंदूतून सुटणारे एक संप्रेरक मूत्रपिंडांना ‘पाणी राखा’ म्हणून सांगत असते. मद्यार्क त्यालाच गप्प बसवतो, आणि पाणी निघून जाते. त्यात घाम आणि वांती, म्हणजे पाण्याबरोबर मीठही गेले. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र पोटात आली, की आतड्यातून दोघे हातात हात घालून आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागून जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती. सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच तत्त्वावर मीठ-साखरेचे पाणी पाजून कितीतरी जीव वाचवले. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ त्याहून जास्त नको. पेजेतही हेच घडते. तांदळातल्या पिष्टाची पोटात साखर होते, मीठ आजींनी घातलेले असते.

पण डॉक्टरांनी लगेच बोट उगारले. हे पाणी शरीरातली तूट भरून काढते, दारू उतरवत नाही. यकृत आपल्या गतीनेच काम करते, त्याला घाई करता येत नाही. डोकेदुखीलाही मोडलेली झोप आणि अंगातला दाह अशी इतर कारणे असतात. आणि जो हाक मारूनही उठत नाही, त्याच्या तोंडात काही ओतू नये; कुशीवर वळवून इस्पितळ गाठावे.

त्या सकाळी ओसरीवर मला यातले काहीच ठाऊक नव्हते. तरतरी आली होती, म्हणून मी आजींना थट्टेने म्हणालो, “आजी, तुमची पेज हाताशी असल्यावर भीती कसली? आज दुपारी पुन्हा भट्टीवर जायला हरकत नाही!”

आजी हसल्या नाहीत. सुपातले तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “ह्यांना मी वीस वर्षं अशीच दिली. रोज सकाळी. पेज पिऊन ते ताठ उठायचे, आणि दुपारी परत वर जायचे. मला वाटायचं, मी त्यांना सावरते आहे.” थोडा वेळ खडे वेचून त्या पुढे म्हणाल्या, “शेवटी पोटात पाणी झालं. पेजेचा घोटही जाईना. कधी कधी वाटतं, मी इतकी चांगली पेज करायला नको होती.”

“असं नाही हो आजी,” एवढेच मला बोलता आले. तेही नीट बोलता आले नाही. ही दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली आणि काही न बोलता आजींच्या शेजारी बसून तांदूळ निवडू लागली.

त्या दुपारी यजमानांनी हाक मारली, तेव्हा मेहुणे आणि मी नदीवर पोहायला गेलो.

निघताना आजींनी हिच्या हातात तोरांची बरणी दिली. मी ती घ्यायला पुढे झालो, तर म्हणाल्या, “मुलांना दे. तापातल्या पेजेला बरी.”

बरणी आमच्या फडताळात आहे. यंदा दोनदा ताप येऊन गेला. तेव्हाच ती उघडली.