अडीच ग्रॅम माती

प्रयोगशाळेत स्फुरद काढायला चंबूत जी माती घालतात ती जेमतेम अडीच ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. एका एकराचा वरचा नऊ इंचांचा थर धरला तर माती भरते हजार टनांच्या आसपास. एवढ्या रानाची साक्ष अर्धा चमचा माती देणार असेल, तर ती कुठून आणि कशी उचलली यावर सगळं अवलंबून आहे. अहवाल चुकला की लोक यंत्राला नाहीतर रसायनांना दोष देतात. माझं मत वेगळं आहे. मातीपरीक्षण बिघडतं ते बहुतेक वेळा शेतातच, खुरपं हातात असताना.

नमुना म्हणजे बांधावरून उचललेली मूठभर माती नव्हे. नागमोडी चालत एकरातून आठ-दहा जागा निवडायच्या. बांधाची कड, झाडाची सावली, उकिरडा, जनावरं बांधायची जागा टाळायची. प्रत्येक जागी वरचा पालापाचोळा बाजूला करून व्ही आकाराचा नऊ इंच खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या एका बाजूची, वरपासून तळापर्यंत सारख्याच जाडीची चकती खरवडायची. ही सारखी जाडी फार महत्त्वाची आहे. स्फुरद जागचा फारसा हलत नाही, टाकला तिथे वरच्या थरात साचतो. वरची माती जास्त आली की आकडा फुगतो आणि रान आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसतं. मग सगळी माती कापडावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. माती वाळवायची सावलीत. घमेलं प्लॅस्टिकचं बरं, कारण जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यातून जस्त मातीत उतरतं. आणि खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरला तर तपासणी मातीची न होता गोणीचीच होते.

यावर अनुभवी शेतकरी म्हणतो, माझी जमीन मला कळते, कागद कशाला? त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. कुठे मुरमाड, कुठे चोपण, पाणी कुठे तुंबतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि रानाचे तुकडे पाडून वेगवेगळे नमुने घ्यायचे ते त्याच माहितीवर. पण डोळा एका ठिकाणी हमखास फसतो. चुनखडीच्या काळ्या रानात उसाला केवडा पडतो: कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. पिवळं दिसलं की युरियाची गोणी फुटते. नत्र कमी असतं तेव्हा मात्र आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. इथे कमी पडलेलं असतं लोह, आणि तेही जमिनीत नाही म्हणून नव्हे. आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यात लोह भरपूर. चुनखडी आणि चढा सामू ते पिकाला मिळू देत नाहीत. म्हणून नुसतं हिराकस जमिनीत टाकलं तर तेही अडकतं. ते शेणखतात मुरवून द्यावं लागतं किंवा फवारावं लागतं. सामू आणि चुनखडीचे आकडे हातात असतील, तर युरियाची ती गोणी फुटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ साली आल्या, त्यांवर १२ घटकांचे आकडे असतात, तरी पुष्कळ घरांत त्या फडताळात पडून राहिल्या. लोक म्हणतात, आमच्या रानाशी त्यांचा मेळ बसत नाही. बसणार कसा? सुरुवातीला बागायतीत अडीच हेक्टरांना एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक नमुना होता. दख्खनच्या उतारावर दहा हेक्टरांत माळाचा मुरूमही येतो आणि ओढ्याकाठची दोन पुरुष खोल काळीही. दोघांची सरासरी कुणाचीच माती नसते. पण ही तक्रार नमुन्याबद्दलची आहे, परीक्षणाबद्दलची नाही. नत्राच्या बाबतीत मात्र मीही हात राखून बोलेन. ते पावसाबरोबर निचरतं, उडून जातं, त्यामुळे उन्हाळ्यातला आकडा ऑगस्टात तसाच लागू पडेल असं नाही. सामू, चुनखडी, स्फुरद, पालाश, जस्त यांवर विसंबावं. नत्राचे हप्ते पीक आणि पाऊस पाहून ठरवावेत. घरच्या बागेला किंवा हिरवळीलाही हेच लागू, फक्त विकत आणलेली लाल माती आणि मूळची माती एका पिशवीत घालू नये.

रब्बी निघाल्यावर, खत पडण्याआधी, एप्रिल-मेमध्ये रान मोकळं असतं. नमुना तेव्हाच घ्यावा, म्हणजे अहवाल पेरणीआधी हाती येतो. पिशवीत चिठ्ठी टाकायची ती पेन्सिलीने लिहिलेली, ओलीने शाई फुटते. गट नंबर, तुकड्याची खूण, खोली, मागचं पीक, पुढचं पीक, तारीख. मागच्या पिकाला काय आणि किती घातलं होतं, तेही.