बोर्डाच्या एका ओळीवर थांबू नका

मेजर,


नाईक म्हणून घरी आलात की हवालदार म्हणून, गाव तुम्हाला मेजरच म्हणतं. मीही तसंच म्हणतो. हे पत्र एकट्याला नाही. घोटी-इगतपुरी पट्ट्यातल्या त्या प्रत्येक माजी सैनिकाला आहे, ज्यानं पंधरा-सतरा वर्षं नोकरी केली, येताना निकामी गुडघा, बधिर कान, साखर किंवा रक्तदाब सोबत आणला, आणि ज्याच्या कागदावर मेडिकल बोर्डानं एक ओळ लिहिली: हे दुखणं लष्करी सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही. त्या ओळीवर तुमची डिसॅबिलिटी पेन्शन अडली. तुम्ही कागद ट्रंकेत ठेवला आणि भाताच्या आवणीला लागलात. वरून लिहून आलंय म्हणजे बरोबरच असेल, असं तुम्हाला वाटलं. हुकूम पाळायची सवय अंगात मुरलेली असते, हे मी समजू शकतो. पण तो हुकूम नव्हता. ते एक मत होतं, आणि त्याविरुद्ध अपील करता येतं.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो. लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमांत कलम १७३ आहे. अपंगत्व सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं असावं आणि ते किमान २० टक्के असावं, या दोन मुख्य अटी त्यात आहेत. मग १९८२ च्या पात्रता नियमांनी एक फार मोठी गोष्ट जवानाच्या पदरात टाकली. भरतीच्या वेळी तुमच्या कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तुम्ही धडधाकट होता असंच धरलं जाईल. सेवेत तब्येत ढासळली, तर ती सेवेमुळेच ढासळली असं मानून पुढे जायचं. नाही म्हणायचं असेल, तर ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. शंकेचा फायदा तुमचा. तुम्ही पुराव्यांच्या फायली घेऊन दारोदार फिरायचं, असं हे नियम कुठंच म्हणत नाहीत.

हे नुसतं पुस्तकात राहिलेलं नाही. सिग्नल कोअरमधला धर्मवीर सिंह नावाचा शिपाई १९८५ मध्ये भरती झाला. फिट येऊ लागल्या म्हणून नऊ वर्षांनी, १९९४ मध्ये, २० टक्के अपंगत्वावर त्याला घरी पाठवलं. बोर्डानं तीच ओळ लिहिली, जी तुमच्या कागदावर आहे. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. भरतीच्या वेळी आजार नोंदलेला नव्हता आणि बोर्डानं आपल्या मताला कारण दिलेलं नव्हतं, या दोन गोष्टी न्यायालयाला पुरेशा वाटल्या. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं पुन्हा बजावलं की बोर्डानं कारणं दिलीच पाहिजेत. आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की जवानाची नेमणूक शांत ठिकाणी होती, एवढ्यावरून मधुमेहासारखा आजार सेवेमुळे नाही असं ठरवता येत नाही. तेव्हा तुमचा कागद काढा आणि बघा: ओळीच्या पुढे कारण लिहिलंय का? बहुतेकदा जे लिहिलेलं असतं ते कारण नसतं, तीच ओळ दुसऱ्या शब्दांत असते.

आता पैशांचं. संपूर्ण अपंगत्व असेल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम अपंगत्वापोटी मिळते, कमी असेल तर त्या प्रमाणात. समजा शेवटचा पगार ४०,००० होता आणि बोर्डानं २० टक्के लिहिले. सरळ हिशेबानं महिन्याला २,४०० होतात. पण ५० टक्क्यांच्या खालचं अपंगत्व ५० धरायचं, असा नियम १९९६ पासून आहे, म्हणजे ६,०००. आधी हा लाभ फक्त मध्येच आजारपणामुळे काढलेल्यांना होता. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारची अपिलं एकगठ्ठा फेटाळली आणि पूर्ण सेवा करून आलेल्यांनाही तो मिळाला. इथं एक सांभाळा: २१ सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम आले आहेत. त्यानंतर बाहेर पडलेल्यांनी वरचे १९८२ चे नियम आणि माझा हिशेब जसेच्या तसे धरू नयेत.

फार वर्षं झाली, आता काय उपयोग, असं म्हणणारेही भेटतात. तरसेम सिंग हा जवान १९८३ मध्ये घरी आला आणि सोळा वर्षांनी, १९९९ मध्ये, उच्च न्यायालयात गेला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून अन्याय दर महिन्याला नवा असतो. दावा मरत नाही. थकबाकी मात्र दावा करण्याआधीच्या तीनच वर्षांची. म्हणजे थांबाल तितकं तुमचंच नुकसान.

सगळे दावे खरे नसतात, हेही मला मान्य आहे. सुट्टीत घरी पोचल्यावर शेतात पाय मोडला, तर त्याचा सेवेशी संबंध दाखवणं अवघड; ड्यूटीवरून घरी येताना प्रवासात मोडला, तर तो प्रवास ड्यूटीतच धरतात. हा फरक प्रामाणिकपणे सांगा. महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात अपंगत्व पेन्शनची आकडेवारी मांडून जीवनशैलीच्या आजारांकडे बोट दाखवलं. त्याच आकडेवारीत निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त ही पेन्शन घेऊन जातात आणि जवानांपैकी पाचव्या हिश्शाहूनही कमी, असं दिसतं. सियाचीनला ओझं वाहणारा जवान अधिकाऱ्यापेक्षा जास्त धडधाकट घरी येतो, हे मला पटत नाही. मला दिसतं ते एवढंच की अधिकाऱ्याला अपील लिहिता येतं आणि जवानाला ते लिहून द्यायला कुणी भेटत नाही.

मागायची लाज वाटते म्हणता. पण अपंगत्वात लाजण्यासारखं काही नाही. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले, लष्कराच्या ईएमई कोअरचे जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलं. त्या माणसाच्या अभिमानात कुठं उणेपण आलं नाही. पुण्यात खडकीला जखमी सैनिकांना हातचं काम शिकवणारी, १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरी संस्था आहे, १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. शंभर वर्षांपूर्वीपासून या मुलखात जखमी सैनिकाची काळजी ही जबाबदारी मानली गेली आहे. तुम्ही खैरात मागत नाही.

आपल्या पट्ट्यातली पोरं आता अग्निवीर होतात. त्यांना पेन्शन नाही; सेवेमुळे अपंगत्व आलं तर टक्क्यांप्रमाणे १५, २५ किंवा ४४ लाख एकरकमी. पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीस चार वर्षं पूर्ण करेल. चार वर्षांत झालेली प्रत्येक दुखापत युनिटच्या कागदावर चढवून घ्या, हे त्यांना सांगणारा माणूस गावात तुमच्याशिवाय दुसरा नाही.

तेव्हा ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचे कागद, पेन्शन पेमेंट ऑर्डर (पीपीओ) आणि नामंजुरीचं पत्र एकत्र करा. बोर्डाचे कागद नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागा. नाशिकला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि पहिलं अपील लिहून घ्या. नामंजुरीपासून सहा महिन्यांची मुदत असते. ती गेली असेल तर उशिराचं कारण त्यातच लिहा. ते फेटाळलं तर दुसरं अपील, तेही फेटाळलं तर मुंबईचं सशस्त्र दल न्यायाधिकरण. आणि शेजारच्या गावात असाच कागद ट्रंकेत ठेवून बसलेला कुणी ठाऊक असेल, तर नाशिकला जाताना त्यालाही सोबत घ्या.

आपला,
घोटीचा एक रहिवासी