परवाना

घरी रेडिओ आला तेव्हा त्याच्या मागोमाग टपाल कचेरीतून एक लहानशी पुस्तिकाही आली, आणि दरसाल मुदतीत शुल्क भरून तीत नोंद करवून घेतल्यावाचून त्या यंत्रावर बातम्या ऐकणे बेकायदा ठरते, हे वडिलांनी मला गंभीरपणे समजावून सांगितले. ती पद्धत 1980च्या दशकात सरकारनेच मोडीत काढली. पण परवाना नावाच्या वस्तूशी माझा परिचय तिथून सुरू झाला.

पुढे अल्लीपुरात कापसाच्या धंद्यात पडल्यावर गादीमागच्या भिंतीवर बाजार समितीचा परवाना, कारखान्याचा दाखला, वजनकाट्याच्या पडताळणीचे प्रमाणपत्र असे कागद चौकटीत लागले. त्यांचा मला कधी जाच वाटला नाही, कारण काटा खरा असल्याची जी हमी बैलगाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला हवी, ती देणारा कागद व्यापाऱ्याने भिंतीवर मिरवावा हेच उचित. शिवाय शुल्क भरण्यास विलंब झाला तर दंड बसे, परंतु स्वतःची रोजकीर्द नि खतावणी उघडण्यास कोणी मज्जाव करीत नसे.

कापसाचा हिशेब वरून दिसतो तितका सरळ नाही. एक क्विंटल कापसातून सामान्यतः 33 ते 35 किलो रुई उतरते आणि बाकीची बहुतांश सरकी. या उताऱ्यात अर्ध्या किलोचा फरक पडला तरी हंगामाचा नफा फिरतो. हा फरक वाणामुळे पडला, की जमिनीमुळे, पहिल्या वेचणीच्या नि शेवटच्या वेचणीच्या भेदामुळे, ओलाव्यामुळे, की यंत्राच्या झिजलेल्या पट्ट्यांमुळे? मूठभर कापूस ओढून तंतूची लांबी अचूक सांगणारे आमचे जुने मुनीमजी या विद्येत निष्णात होते. पण पाच कारणे एकाच ढिगात मिसळली असता प्रत्येकाचा वाटा पृथक् करणे हे नजरेचे काम नव्हे, ते संख्याशास्त्राचे. म्हणूनच संगणकीय प्रणाली घेण्याचा विचार झाला आणि दरपत्रके मागवली.

त्यांत रकमेपेक्षा मला अटी अधिक बोचल्या: शुल्क वार्षिक, प्रत्येक वापरकर्त्याचे वेगळे, प्रगत पद्धतींचे आणखी निराळे, आणि मुदत संपताच प्रणाली बंद. संख्याशास्त्र शिकलेला माझा पुतण्या म्हणाला, ‘‘काकाजी, पहिल्या वर्षाचा आकडा पाहू नका, दहाव्या वर्षाचा पाहा. तोवर आपल्या साऱ्या नोंदी त्यांच्या साच्यात बसलेल्या असतील.’’

या विद्येचा उगमच मुळी बराचसा शेतात आहे. सॅस ही विख्यात प्रणाली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात कृषी संशोधनातील आकड्यांसाठी आकारास आली आणि 1976 साली खाजगी कंपनीची झाली. आपल्याकडे पानसे आणि सातारा जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग सुखात्मे यांनी शेती संशोधकांसाठी संख्याशास्त्रीय पद्धतींचा जो ग्रंथ 1954 साली सिद्ध केला, त्यातील रीती मात्र कागद, पेन्सिल आणि चिकाटी असलेल्या कोणालाही खुल्या होत्या. तो खुलेपणा ऑकलंडच्या इहाका आणि जंटलमन या दोन अध्यापकांनी घडवलेल्या ‘आर’ या प्रणालीत मला पुन्हा आढळला. तिची पहिली पूर्ण आवृत्ती 2000 साली निघाली, ती विनामूल्य आहे, आणि तिला मुदत नाही.

विनामूल्य म्हणजे बिनखर्ची, असे मात्र कोणी समजू नये. अडचण आली असता फोन उचलणारा विक्रेता तिथे नसतो, आणि आज्ञावली लिहिण्यास शिकणाऱ्या माणसाचे कित्येक महिने शिकण्यातच जातात. त्या महिन्यांचा पगार हीच तिची किंमत. औषधाची चाचणी करून सरकारदरबारी जाब देणाऱ्या कंपनीने, पाठीशी जबाबदार विक्रेता असावा म्हणून, वार्षिक शुल्क भरणे मला सर्वथा योग्य वाटते. आमच्यासारख्या जिनिंगवाल्याला ती गरज नाही. परवान्याचे पैसे वर्षाअखेरीस संपतात. माणसाला दिलेले शिक्षण गावात राहते, आणि उद्या तो माणूस दुसऱ्या कारखान्यात गेला तरी ते तालुक्याच्याच उपयोगी पडते.

म्हणून दरपत्रके परत पाठवली आणि तेवढीच रक्कम गावातल्या एका पदवीधर मुलीच्या पगारासाठी व शिक्षणासाठी लावली. हिंगणघाटच्या बाजारात माझ्या शेजारी बसणाऱ्या व्यापारी बंधूंना माझी एवढीच विनंती आहे की, करारावर सही करण्यापूर्वी, पैसे भरणे थांबले त्या दिवशी आपल्याच नोंदी आपल्याला वाचता येतील काय, हे विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावे.