शेवटच्याने लाइट बंद करा

फोन नुसता खिशात पडलाय. गाणी नाहीत, कॉल नाही, तरी संध्याकाळपर्यंत बॅटरी अर्धी. कोण खातं हो ती? बऱ्याचदा उत्तर साधं असतं: कुठल्यातरी अ‍ॅपने फोनला "जागा राहा" सांगितलं आणि "आता झोप" म्हणायचं विसरलं. अँड्रॉइडमधे या जागं ठेवण्याला वेकलॉक म्हणतात.

गूगलच्या फ्यूशिया या ऑपरेटिंग सिस्टिममधे (2021 साली नेस्ट हबवर आली तीच) यासाठी पॉवर ब्रोकर नावाचा एक सर्व्हर आहे. तिथे बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर, स्वतंत्र प्रोसेसमधे चालतात. समजा, स्पीकरला क्लॉक लागतो आणि क्लॉकला व्होल्टेज. आपण कोणावर अवलंबून आहोत हे प्रत्येकाने ब्रोकरकडे नोंदवून ठेवायचं. काम निघालं की लीज मागायचं.

मागितलं की लगेच मिळतं असं मात्र नाही. आधी व्होल्टेज, मग क्लॉक, मग स्पीकर अशी क्रमाने उठवाउठव होते. तोवर लीज 'पेंडिंग'. सगळे जागे झाल्याचं कळलं की 'सॅटिस्फाइड'. झोपवताना क्रम उलटा.

मग ब्रोकरने उत्तर येईपर्यंत थांबून का राहू नये? कारण ज्या ड्रायव्हरची तो वाट बघतोय, त्यालाच ब्रोकरकडून काही हवं असलं तर दोघंही "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत कायमचे उभे! शिवाय लीज मागणाऱ्याने "झालं का, झालं का" विचारत राहायचं, तर त्या विचारण्यापायीच प्रोसेसर जागा. म्हणून त्याने एकदाच विचारायचं. ब्रोकर तो प्रश्न धरून ठेवतो आणि स्थिती बदलली की उत्तर देतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लीज एका चॅनेलला बांधलेलं असतं. प्रोसेस कोसळली की चॅनेल बंद, लीज खलास. शेवटचा माणूस चक्कर येऊन पडला तरी लाइट बंद होणारच.

पण खरं सांगू? मेलेल्या प्रोसेसचं वेकलॉक अँड्रॉइडही सोडवतं. अवघड आहे तो जिवंत पण विसराळू प्रोग्रॅम. काम कधीच संपलंय, तरी लीज घट्ट धरून बसलाय. काम संपलं हे फक्त त्यालाच माहीत, सर्व्हर बिचारा काय ओळखणार?

म्हणून दुसऱ्याचा कोड तपासताना "लीज कुठे घेतलंस?" एवढंच विचारून भागत नाही. "सोडतोस कुठे?" हेही विचारायला हवं. बॅटरी शेवटी त्या उत्तरावरच टिकते.