भुंकण्याआधीचा श्वास

कामावर मिरी पहिल्यांदा भुंकली ती नोव्हेंबरातल्या एका सकाळी. वेल्समधल्या पोविस परगण्यात, लार्चच्या रानाखालच्या उतारावर आम्ही उभे होतो. मिरी चौदा महिन्यांची, काळी कुळकुळीत कॉकर स्पॅनियल. वरून हाकारे काठ्या आपटत रान उठवत येत होते. खाली बंदूकवाले आपापल्या खुंटीशी, आणि त्यांच्या मागे दीडशे पावलांवर आम्ही, पडलेले पक्षी शोधून आणणारे, कुत्री घेऊन. पहिला फेझंट झाडांच्या शेंड्यांवरून सुटला. बार झाला, पक्षी हवेतच मिटला आणि आमच्यासमोरच्या वाळक्या नेच्यात पडला. मिरी बसल्या जागेवरून तसूभरही हलली नाही; तेवढं मी तिला शिकवलं होतं. पण तिने तोंड उघडलं. आधी एकदा, मग लागोपाठ चार-पाचदा, कोरड्या, वरच्या पट्टीतल्या आवाजात ती भुंकली.

आवाज दरीभर घुमला. शेजारच्या दोन लॅब्रॅडॉरनी माना वळवल्या. रानाच्या कडेला दबून बसलेले पक्षी सगळे एकदम उठले. ते दोन-दोन, तीन-तीन करून उठावेत म्हणून रानातले पक्षी राखणारा गेमकीपर हाकाऱ्यांना पावलापावलाला थांबवत असतो. त्याची ती सगळी राखण वाया गेली. तो मला काही बोलला नाही. मी मिरीला दोरी लावली आणि गाडीकडे चालू लागलो.

मी मूळचा फलटणकडचा. आमच्या पडीक वावरात खतासाठी धनगरांची मेंढरं बसायची. रात्री वाघरीभोवती त्यांची कुत्री भुंकत फिरायची आणि त्या आवाजावर घरात आम्ही निर्धास्त झोपायचो. लांडग्याची चाहूल लागूनही जो भुंकला नाही, त्या कुत्र्याला धनगर भाकर टाकत नसे. फिनलंडमधल्या स्पिट्झ कुत्र्याचं तर भुंकणं हेच काम. रानकोंबड्यासारखा मोठा पक्षी झाडावर बसला की हा खाली उभा राहून भुंकत राहतो, पक्ष्याचं लक्ष त्याच्यावर खिळतं आणि शिकारी आवाजाच्या मागावर येतो. न्यूझीलंडचा हंटअवे मेंढरं हाकतो तोही भुंकूनच. तेव्हा भुंकणं हा कुत्र्याचा दोष नव्हेच. बंदुकीबरोबर काम करणाऱ्या कुत्र्याच्या पदरी मात्र वेगळं काम आलेलं आहे आणि ते नाकाचं आहे. वास घेताना कुत्रं सेकंदाला पाच-सहा वेळा हुंगतं. भुंकताना श्वास बाहेर पडतो. त्या वेळी हुंगता येत नाही. पंख मोडलेला फेझंट पायांनी पळत काटेरी ब्रॅम्बलच्या जाळीत शिरतो. त्याला लवकर शोधून त्याची तडफड संपवणं हे आमच्या कामाचं मर्म. मी या कामात आहे तो त्यासाठीच. भुंकणाऱ्या कुत्र्याकडून तो पक्षी सुटतो आणि रात्रभर जाळीत मरत पडतो.

ब्रिटनच्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे अशा कुत्र्यांच्या कामाच्या स्पर्धांमध्ये, म्हणूनच या बाबतीत दयामाया नाही. पक्षी दातांनी चिरडणं, हुकमाशिवाय धावत सुटणं, यांच्याच पंगतीत भुंकणं आणि कुंईकुंई करणं बसवलेलं आहे. पंचाने ऐकलं की कुत्रं बाहेर. मला हा नियम कठोर वाटत नाही. आवाजी स्वभाव बऱ्याच अंशी रक्तातून येतो, हे इथल्या जुन्या लोकांनी पिढ्यानपिढ्या पाहिलेलं आहे, आणि तो पुढच्या पिल्लांत उतरू नये म्हणून अशी चाळणी लागते.

पण मिरीच्या भुंकण्यातला मोठा वाटा माझा होता. त्या उन्हाळ्यात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असायचा. कामावरून आलो की मी आणि माझा मुलगा तिला घेऊन मागच्या कुरणात जायचो. कॅनव्हासची अर्ध्या किलोच्या आतबाहेरची डमी तो लांब फेकायचा, ती वाऱ्यासारखी जाऊन आणायची. वीस वेळा, तीस वेळा. तिचं धावणं बघण्यासारखं होतं आणि मी ते बघत राहिलो. जुलैत कधीतरी मुलाने हात वर केला की ती हलकंसं कण्हू लागली. मला तो उत्साह वाटला. ती कण्हायची, मी "जा" म्हणायचो आणि ती सुटायची. कण्हलं की सुटका होते, हा धडा मी तिच्याकडून रोज वीस वेळा गिरवून घेतला. नोव्हेंबरात तिने तोच धडा मोठ्या आवाजात म्हणून दाखवला.

त्या दिवसानंतर मला सल्ल्यांचा तोटा नव्हता. तोंड दाबून धर, तोंडावर पाण्याचा फवारा मार, दरडाव. दरडावून मी आधीच पाहिलं होतं. कुत्रं आधीच पेटलेलं असताना आपणही ओरडलो, तर त्याच्या लेखी आपणही भुंकू लागलेलो असतो. विजेच्या धक्क्याच्या पट्ट्याचा तर प्रश्नच नव्हता. वेल्समध्ये 2010 पासून त्यावर कायद्याने बंदी आहे, आणि ती नसती तरी मी तो तिच्या गळ्यात घातला नसता. दाबलेला आवाज जात नाही. भुंकणं दाबलं की कुंईकुंई होते, कुंईकुंई दाबली की दात वाजू लागतात, अंग थरथरतं, आणि एखाद्या गारठलेल्या सकाळी सगळं पुन्हा उसळून वर येतं. हचिन्सन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं 1848 सालचं पुस्तक आजही जाणकारांच्या कपाटात असतं. त्याच्या नावातच कुत्र्याला 'मोडण्या'ची भाषा आहे, कारण त्या काळी शिकवण्याला तोच शब्द होता. आत मात्र त्याने सौम्यपणावर आणि सातत्यावर भर दिलेला आहे. हाती चाबूक असलेल्या त्या काळात त्याला हे दिसलं होतं.

शेवटी मी आवाजाकडे बघणं सोडलं आणि आवाजाच्या आधी काय होतं ते बघू लागलो. दोन आठवडे डमी फेकलीच नाही. कुरणाच्या फाटकाजवळ तिला बसवायचं आणि लांबवर दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याचं काम चाललेलं नुसतं बघत राहायचं. मी बघायचो तिच्याकडे. भुंकणं अचानक येत नाही. आधी धाप बदलते, उथळ होते. मग तोंड मिटतं आणि श्वास अडतो. ओठांचे कोपरे पुढे येतात. पुढचे पाय जागच्या जागी कणीक तिंबल्यासारखे वर-खाली होतात, तेही डावा पाय आधी. एवढं झालं की दोन-तीन श्वासांत आवाज फुटतो. तो फुटल्यावर माझ्या हाती काही उरत नाही. जे करायचं ते डावा पाय उचलला जाण्याआधी.

आणि करायचं म्हणजे काय, तर तिला घेऊन मागे सरायचं. रागावणं नाही, शिट्टी नाही. धाप उथळ झाली की दहा पावलं मागे. तरी उथळच राहिली तर आणखी वीस. अंतर वाढलं की श्वास पुन्हा खाली, पोटात उतरतो. एखादवेळी ती आवंढा गिळायची, एखादवेळी गवत हुंगू लागायची. नाक खाली गेलं की मी निःशंक व्हायचो. तिच्याशी मी मराठीतच बोलतो; शेजारच्या माणसाने आपल्या कुत्र्याला दिलेल्या हुकमावर तिचे कान उगाच उभे राहत नाहीत, हा त्याचा फायदा. त्या दिवसांत माझ्या तोंडी एकच शब्द होता, "निवांत", आणि तोही जेमतेम ऐकू जाईल असा.

डमी पुन्हा आली तेव्हा हिशेब पालटला होता. दहा पडल्या तर नऊ मी स्वतः चालत जाऊन उचलायच्या. तिने बसून बघायचं. दहावी तिची, पण तीही पडल्या पडल्या नाही. मी घड्याळ लावून एक मिनिट, दोन मिनिटं थांबायचो, तिचे डोळे डमीवरून निघून माझ्याकडे वळेपर्यंत. एकदा डमी पडल्यावर तिने बारीकसा 'कुं' केला. मी ती डमी उचलली, पिशवीत टाकली आणि आम्ही घरी गेलो. मुलगा हिरमुसला. तिला अजून शिकायचं होतं आणि आपण तिला काम नाकारलं, असं त्याला वाटलं. मलाही त्या संध्याकाळी फार बरं वाटलं नव्हतं. तापलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांत जी आशा असते तिच्याकडे पाठ फिरवून चालणं या कसबातलं सगळ्यात जड काम आहे, आणि ते कुणी शिकवून येत नाही. दुसऱ्या दिवशी ती जराशी शांत होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा नव्हती. असे नऊ आठवडे गेले.

तिची पिल्लं घ्यायची नाहीत, हेही मी त्याच काळात ठरवलं. नाक उत्तम, पाण्याला न भिणारी, तोंड इतकं मऊ की आणलेल्या पक्ष्याचं पीस विस्कटत नाही. लोक विचारतात. पण जे मी नऊ आठवडे तिच्यातून उसवत होतो ते पुढच्या सहा पिल्लांत पेरणं मला जमणार नाही.

फेझंटचा हंगाम 1 फेब्रुवारीला संपतो. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी गेमकीपरने मला आपणहून निरोप धाडला, शेवटच्या हाक्याला ये म्हणून. आम्ही तशाच एका उतारावर उभे राहिलो, या वेळी अडीचशे पावलांवर. पहिला बार झाला. मिरीची धाप थांबली. मी तिला घेऊन दहा पावलं मागे सरलो. दुसरा, तिसरा. एक फेझंट पंख मोडून समोरच्या ओहोळापलीकडे पडला आणि मान ताणून पळत सुटला. शेजारच्या बाईंनी आपली म्हातारी लॅब्रॅडॉर सोडली. मिरीच्या नजरेसमोरून ती पाण्यात शिरली, पलीकडे निघाली, जाळीत दिसेनाशी झाली. मिरीचे ओठ पुढे आले. मी तिचा डावा पाय बघत होतो. तो थरथरला, आणि जमिनीवरच राहिला. मग तिने आवंढा गिळला आणि हनुवटी माझ्या बुटावर टेकवली.

हाका संपल्याचा भोंगा झाला. नेच्यात आमच्या वाट्याचा एकच पक्षी होता, तीस पावलांवर, निपचित पडलेला, तिलाही दिसत होता. मी तिला तिथेच बसवलं आणि स्वतः जाऊन तो उचलून आणला.