पाण्याचे पालकत्व

सुरतेस राहून समुद्राचे पाणी घरी तयार करावे लागते, हे ऐकून पाहुणे हसतात. डुमसचा किनारा तर जवळच! परंतु खंबायतच्या आखाताची भरती मोठी, आणि तीत गाळ सदैव घोळलेला. ते पाणी प्रवाळांत वाढणाऱ्या माशास मानवत नाही. म्हणून आमच्या चिरंजीवांच्या काचपेटीतील दोन क्लाउन माशांसाठी आम्ही पडवीत दोन पिंपे आणि एक पंप मांडला आहे.

पहिल्या पिंपात क्षार काढलेले शुद्ध पाणी. दुसऱ्यात त्याच पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ. मीठ पाण्यात घालावे, मिठावर पाणी ओतू नये. नाहीतर त्यातील चुना साकळून तळाशी बसतो. पंप पिंपांच्या तळाशी ठेवला आहे, कारण त्यास हवा ओढता येत नाही. पाणी आपल्या वजनानेच त्याच्यापर्यंत यावे लागते. सक्शनच्या नळीवर दोन व्हॉल्व्ह, डिलिव्हरीच्या नळीवर दोन. कोणते दोन उघडावे, यावर सारे अवलंबून: पाणी भरणे, मीठ ढवळणे, खारे पाणी पेटीत सोडणे, किंवा वाफ होऊन गेलेल्या पाण्याची गोड्या पाण्याने भरपाई करणे, कारण उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. नळ्या पीव्हीसीच्या, तांब्यापितळेचा जोड कोठेही नाही. तांब्याचा अल्प अंशही प्रवाळास व कोळंबीस घातक ठरतो.

नळकाम करणाऱ्या गृहस्थास आम्ही एकच प्रश्न विचारला: रात्री वीज गेली तर? नळीचे तोंड पेटीतील पाण्यात बुडालेले असेल, तर पंप थांबताच पेटी उलटी पिंपात रिकामी होऊ लागेल. तोंड पाण्यावर चार बोटे उचलून बांधले, तेव्हा आम्हांस झोप लागली. भरतीचे खारे पाणी शहराच्या पिण्याच्या पाण्यात शिरू नये म्हणून सिंगणपोर येथे १९९५ साली तापीवर बंधारा घातला गेला. तत्त्व निराळे नाही. उलट येणाऱ्या पाण्याचा विचार आधी करावा लागतो.

हा खटाटोप दोन माशांसाठी कशाला, असे स्नेही विचारतात. मासा आपण होऊन आमच्या घरी आला नाही. कायद्याच्या भाषेत तो अज्ञान, आम्ही त्याचे पालक. अज्ञानाच्या मालमत्तेचा चोख हिशेब पालकास द्यावा लागतो. आणि माशाची मालमत्ता म्हणजे त्याचे पाणी. म्हणून पेटीत पाणी सोडण्यापूर्वी आम्ही दरवेळी त्याचे विशिष्ट गुरुत्व मोजतो. ते १.०२५ भरले, तरच चौथा व्हॉल्व्ह उघडतो.